उघडं राहिलेलं लॉगिन

तामोरेकाका मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी मुलाखतीला जिना चढून आले, तर समोर एक गृहस्थ खुर्ची वळवून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या टेबलावर कुणी दुसराच माणूस एका बोटाने काहीतरी टाइप करत होता. काका भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलल्यासारखे म्हणत होते, "सावकाश टाका. घाई नाय. झालं की सांगा."

मला वाटलं, यांना काही शिक्षा वगैरे झाली आहे की काय. नंतर कळलं, तो माणूस आपला पासवर्ड टाकत होता.

आमचं काम सांगते. आमच्या भागातल्या ज्या कारखान्यांकडे सांडपाण्याचे मीटर आहेत, त्यांच्या मीटरच्या नोंदी तासातासाला एका वेबसाइटवर जमा होतात. प्रत्येक कारखान्याचं तिथे खातं, आणि खात्याला एक जबाबदार अधिकारी. महिन्याच्या महिन्याला त्या सगळ्या नोंदी आणि त्याखाली अधिकाऱ्याने लिहिलेले शेरे उतरवून घ्यायचे, त्यांचा अहवाल बांधायचा आणि योग्य त्या कचेरीत पोचवायचा, हा आमच्या शेठचा धंदा. कारखान्यांना वेळ नसतो, म्हणून आम्ही.

काका मूळचे सातपाटीचे. घरात तीन पिढ्या तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, पण यांना होडी लागायची, म्हणजे पाण्यात गेलं की उलट्या. ते स्वतःच सांगायचे, "तांडेलाच्या घरात जलमलो आन किनाऱ्यावर रायलो." म्हणून तारापूरच्या एका कारखान्यात गेटवर लागले. पंचवीस वर्षं गेटवर आणि टाइम ऑफिसात काढली. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लांब झाले आणि काका जवळ गेले. कारखाना बंद पडला, तेव्हा पन्नाशी उलटून गेलेली. आमच्या शेठनी त्यांना कागद लावायला म्हणून घेतलं, आणि सहा महिन्यांत अख्खं ऑफिस त्यांच्या जिवावर चालायला लागलं.

एका महिन्याच्या नोंदी उतरवायच्या म्हणजे एका मीटरसाठी तीस वेळा 'डाउनलोड' दाबायचं. एकेका कारखान्याचे पाच-सहा मीटर. आणि असे कारखाने चाळीसेक. मी रुजू झाले तोपर्यंत काकांनी या दाबादाबीतून सुटका करून घेतली होती. मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ निम्म्या वेगाने लावून, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर देवनागरीत 'सेशन आयडी', 'एक्सपायर', 'हेडर' असं लिहून घेत घेत, त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम तयार केला होता. त्याचं नाव 'पाटी'. मासळीवालीच्या डोक्यावरची असते ती पाटी. कारण सांगायचे, "रिकामी आत जाते, भरून भायेर येते."

पाटीला वेबसाइटच्या आत जायला लॉगिन लागायचं. पण पासवर्ड काका तिला देत नसत, कारण तो त्यांना स्वतःलाच ठाऊक नसे. कारखान्याचा माणूस ऑफिसात यायचा, ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने लॉगिन करायचा, आणि काका मग त्या ब्राउझरमधली कुकी एका फाइलमध्ये काढून पाटीच्या हातात ठेवायचे. वेबसाइटला वाटायचं, तोच साहेब अजून बसलाय.

मला हे पहिल्या दिवशी काही कळलं नव्हतं. मी एका मॅनेजरला फोन करून सरळ पासवर्ड विचारला आणि डायरीत लिहून घेतला. काकांनी ते पान माझ्यासमोर शांतपणे फाडलं, घडी घातली, वर नाव लिहिलं आणि त्या मॅनेजरला नेऊन द्यायला म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"काका, पण त्यांनीच दिला."

"त्याला अक्कल नाय म्हनून दिला. तू कशाला घेतला?"

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "आमच्या गेटवर मानूस सकाळी यायचा. ओळखपत्र दाखवायचा, सही करायचा, मी त्याला दिवसाचा पास द्यायचो. मग दिवसभर तो खिशातला पास दाखवत सगळीकडं फिरनार. त्याला कोन परत ओळखपत्र इचारत नाय. कुकी म्हंजे तो पास. पासवर्ड म्हंजे त्याचं ओळखपत्र. मला पास दिवसभर पुरतो. त्याचं ओळखपत्र घरी घेऊन जाऊन मी काय करू?"

"आणि पास कुणी चोरला तर?"

"तर तो चोर दिवसभर सायेब," काका म्हणाले. "म्हनून काम झालं की पास फाडायचा."

आणि ते फाडायचे. पाटी भरून आली की फाइल पुसायची, ब्राउझरमधली कुकी पुसायची, मग कचरापेटीतूनही पुसायची. तो सगळा विधी झाल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. फोनवर कुणी पासवर्ड सांगायला लागला तर मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचे आणि लांबूनच ओरडायचे, "ऐकू येत नाय, सायेब! या इथंच!" साहेब वैतागायचे, पण यायचे.

एकदा मात्र मोठी गंमत झाली. दोन कारखान्यांचे साहेब एकाच सकाळी आले आणि एकाच ब्राउझरमध्ये मागोमाग लॉगिन करून गेले. पाटीने रंगाच्या कारखान्याच्या फोल्डरमध्ये औषधाच्या कारखान्याचं पाणी आणून ओतलं. अहवाल जाण्याआधी काकांच्याच ते लक्षात आलं, कारण औषधवाल्यांचा कारखाना रविवारी चालायचा आणि रंगवाल्यांचा नाही. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक कारखान्याला ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करून दिलं आणि ओळखायला सोपं म्हणून त्यांना मासळीची नावं दिली. घोळ, दाढा, करंदी, मांदेली, पापलेट. मग ऑफिसात असे संवाद व्हायचे:

"काका, मांदेली आली का?"

"मांदेली खाली पानपट्टीवर उभी हाय. पापलेटला आधी घे."

एक दिवस टाय लावलेले एक मोठे साहेब दारात येऊन थांबले आणि शेठ आतून ओरडले, "अरे, बोंबील आया क्या?" साहेबांनी काही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

जाधवसाहेबांचं प्रोफाइल होतं घोळ. ते एका मध्यम कारखान्याचे सुरक्षा आणि पर्यावरण अधिकारी. उंच, ओढलेला चेहरा, कायम घाईत. त्यांना ऑफिसात आणायचं म्हणजे दहा फोन करावे लागत. एका महिन्यात ते आले, लॉगिन केलं, 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात टिचकी मारली, म्हणजे महिनाभर वेबसाइट परत काही विचारणार नाही, आणि निघून गेले. काकांनी पाटी चालवली. नेहमीप्रमाणे सगळं पुसलं.

पण त्याआधी, काका हात धुवायला गेले असताना, मी त्या कुकीच्या फाइलची एक प्रत माझ्या फोल्डरमध्ये घेऊन ठेवली होती. जाधवसाहेबांच्या दोन मीटरच्या नोंदी उशिरा येणार होत्या आणि त्यासाठी पुन्हा दहा फोन करण्याचा मला कंटाळा आला होता. एवढंच कारण. मी शेठना ते सांगितलंही, जरा मिरवतच. शेठ म्हणाले, "हुशार आहेस तू. तामोरेला हे सुचत नाही."

त्यानंतर दहाबारा दिवसांनी एमआयडीसीतल्या नाल्यातून काळं पाणी खाडीत गेलं. कोळ्यांनी मेलेली मासळी टोपल्यांत भरून आणून कारखान्यांच्या रस्त्यावर ओतली. चौकशी लागणार हे दिसत होतं. पाणी ज्या कारखान्यातून गेलं त्यांनी दोन दिवसांत आपल्या पर्यावरण अधिकाऱ्याला काढून टाकलं. तो अधिकारी म्हणजे जाधवसाहेब.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कारखान्याचे प्रॉडक्शनचे साहेब आमच्या ऑफिसात आले. शेठनी दार लावून घेतलं, चहा मागवला आणि काकांना बोलावलं. मी माझ्या टेबलावर होते. आमचं ऑफिस एकाच खोलीचं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"तामोरे, जाधवच्या खात्यात या महिन्याचे तीन शेरे आहेत, अजून अहवालात न गेलेले. ते काढायचेत," शेठ म्हणाले.

"बोलवा त्यांना. येतील, लॉगिन करतील, काढतील."

"जाधव आता आमच्याकडे नाहीत," साहेब म्हणाले.

"मग त्यांचा शेरा आपन कसा काढनार? ज्यानं लिवला त्यालाच काढता येतो तो."

"तेच तर. वेबसाइटवाल्यांना सांगितलं तर त्याची नोंद होईल. त्यापेक्षा दोन मिनिटांचं काम आहे, काका. जाधवांच्या नावाने आत जायचं, तीन ओळी पुसायच्या."

"माझ्याकडं त्यांचं काय नाय. मी पुसून टाकलंय."

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडे आहे फाइल."

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले. मला वाटलं होतं की ते म्हणतील, नको देऊस. पण ते म्हणाले, "आन."

मी फाइल दिली. त्यांनी घोळचं प्रोफाइल उघडलं, कुकी आत घातली, पान ताजं केलं. मला मनातून वाटत होतं की उघडणार नाही. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण पान उघडलं आणि वर उजवीकडे जाधवसाहेबांचं नाव आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "अरे देवा."

तीन शेरे एकाखाली एक होते. प्रत्येकाच्या शेजारी कचरापेटीचं छोटं चिन्ह. साहेब पुढे वाकले. "हं. हेच. दाबा."

काकांनी माउस सोडला आणि खिशातून मोबाइल काढला. नंबर शोधला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून मोबाइल टेबलावर ठेवला.

"जाधवसायेब? तामोरे बोलतोय. बोईसरवरनं."

"बोला काका."

"सायेब, मी आत्ता तुमच्या खात्यात हाय. तुमाला न इचारता आलोय. माफी करा."

शेठ उठून उभे राहिले होते. "तामोरे, फोन बंद कर," ते दबक्या आवाजात म्हणाले. काकांनी ऐकलं नाही.

"मी तर केव्हाच लॉगिन करून गेलो तिथून," जाधवसाहेब म्हणाले.

"तुमी गेलात, पन आत राह्यलात. चूक माझी. इथं तुमच्या कंपनीचे सायेब बसलेत. तुमचे तीन शेरे काढायचे म्हनतात. तुमाला काढायचे काय?"

"काही बदललंय का त्यात?"

"नाय. तिन्ही जागेवर हायत."

"वाचून दाखवता?"

काकांनी चष्मा सरळ केला आणि वाचलं. पहिली ओळ: "तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळतो आहे. बदलावा." दुसरी: "व्हॉल्व्ह अजून बदललेला नाही." तिसरी: "पुन्हा लिहितो आहे. तीन नंबरचा व्हॉल्व्ह." प्रत्येक ओळीआधी त्यांनी तारीख वाचली. प्रॉडक्शनचे साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

"राहू देत," जाधवसाहेब म्हणाले. "आणि मला बाहेर काढा."

"काढतो," काका म्हणाले आणि वरच्या कोपऱ्यातलं 'लॉगआउट' दाबलं. मग तीच फाइल त्यांनी पुन्हा घालून बघितली. पानाने पासवर्ड मागितला. काका शेठकडे वळून म्हणाले, "झाली आउट एन्ट्री. आता ह्या फाइलीचा काय उपेग नाय."

साहेब चहा न पिताच गेले. शेठनी जे तोंड सोडलं ते खाली हार्डवेअरच्या दुकानात ऐकू गेलं असणार. मुख्य प्रश्न हा होता की अशी फाइल ठेवली कुणी आणि ती आपल्या अंगाशी का आली. शेठना माहीत होतं कुणी ठेवली. पण रागात माणसाला ज्याच्यावर ओरडायचं असतं तोच दिसतो. काका म्हणाले, "फाइल माझ्या पाटीची. ठेवायची का नाय ते बघायचं काम माझं." मी तिथेच बसले होते. मान खाली घालून टाइप करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येऊन बघते तर काका कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. मला जवळ बोलावलं. मी बोलायला सुरुवात केली, तर हातानेच गप्प बसवलं.

"ही गोष्ट मला कळायला पायजे होती. पंचवीस वर्षं गेटवर बसलो. पास फाडला म्हंजे मानूस भायेर गेला असं होतं का? रजिस्टरात आउट पडायला लागतं. कुकी मी इथनं पुसली, पन तिकडं वेबसाइटच्या रजिस्टरात सायेब आतच होते. कुनाकडं दुसरा पास असला, तर तो चालनारच." त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'आधी लॉगआउट. मग पुसने.' तो कागद त्यांनी माझ्या मॉनिटरखाली सरकवला. स्वतःच्या नाही, माझ्या. कारण स्वतःचं टेबल जाणार हे त्यांना कळलं होतं.

आठवड्याभरात शेठनी त्यांना कॉम्प्युटरवरून उठवलं. तो कारखाना आमच्याकडून गेला होता, आणि त्याचं कुठेतरी उट्टं निघणारच होतं. काकांना पालघरला कोळगावच्या जिल्हा कचेऱ्यांमध्ये फायली पोचवायचं काम दिलं. रोज सातपाटीहून बोईसर, बोईसरहून फायली घेऊन कोळगाव, तिथे या खिडकीवरून त्या खिडकीवर, पोच घेऊन परत. वर्षभर त्यांनी ते केलं. मी एकदाही त्यांना कुरकुरताना ऐकलं नाही. उलट सांगायचे, "कोळगावला एसी लय मस्त हाय." दुपारी डबा खाताना ते मला पाटीचा एकेक भाग समजावून द्यायचे. कुकीच्या फाइलीतल्या ओळी पट्टी लावून वाचायला शिकवलं. त्यातला तो लांबच लांब आकडा म्हणजे पास कधी संपतो त्याची वेळ, हे मला त्यांनी भाकरीवर बोट फिरवत सांगितलंय.

चौकशी झाली. जाधवसाहेबांनी चौकशी अधिकाऱ्यांसमोर स्वतःच्या लॅपटॉपवर, अजून त्यांच्याच नावावर असलेलं खातं उघडलं. तीन ओळी जागेवर होत्या. त्यांच्यावरचा ठपका गेला. जुनी नोकरी काही परत मिळाली नाही, पण वापीकडे दुसरी लागली. एका दुपारी ते अचानक आमच्या ऑफिसात आले. काका कोळगावला गेले होते. शेठ त्यांना बसा म्हणाले नाहीत. जाधवसाहेब खाली उतरून हार्डवेअरच्या पायरीवर बसून राहिले. दोन तासांनी काका फायलींची पिशवी सावरत रस्ता ओलांडून आले, तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. जाधवसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ धरूनच ठेवले. काकांना ते अवघड झालं असावं. ते म्हणाले, "सायेब, पासवर्ड बदलला का नाय?"

साठी झाल्यावर काका घरी बसले. ऑफिस हळूहळू माझ्याकडे आलं. आता माझ्या हाताखाली दोन मुली आहेत, पाटी अजून चालते, आणि माणूस टाइप करायला लागला की आम्ही तिघी भिंतीकडे वळतो.

काका गेले ते छातीच्या दुखण्याने, आणि मला दोन दिवस उशिरा कळलं. पण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी सातपाटीला त्यांच्याकडे जाऊन आले होते. घराशेजारच्या मोकळ्या जागेत बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते. मंजुळाकाकूंनी मला स्टुलावर बसवलं, तळलेली मांदेली पुढे ठेवली. काका बारीक झाले होते, पण बोलणं तसंच.

मी ते मनाशी ठरवूनच गेले होते. "काका, ती फाइल मी ठेवली होती. शेठसमोर मी गप्प बसले. तुम्ही वर्षभर उन्हातून फायली वाहिल्यात आणि मी तुमच्या टेबलावर बसून काम केलं."

काकांनी मांदेलीचा काटा काढून बाजूला ठेवला. "तू बोलली असतीस, तर आपन दोघं गेलो असतो फायली घेऊन. मग पाटी कोनी चालवली असती? शेठनी?"

"तरी मी बोलायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "बोलायला पायजे होतं." एवढं म्हणून त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आज बोललीस ना. खा आता, गार होतात."

इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच हलकं वाटलं, ते त्या 'व्हय'मुळे. नुसती समजूत घातली असती तर मी तशीच परतले असते.

निघाले तेव्हा रिक्षापर्यंत पोचवायला ते येणार होते, पण काकूंनी हाक मारली. ताजे बोंबील येऊन पडले होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, असं ते काम. काकांच्या जोड्या सुटून खाली पडत होत्या. काकू म्हणत होत्या, "हयात गेली, अजून जमत नाय याला." रिक्षा सुरू झाली, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत ओले बोंबील होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. वळणापर्यंत मला दिसत होतं. काकू त्यांच्या हातातली जोडी घेऊन नीट अडकवून दाखवत होत्या, आणि काका पहिल्या दिवसाच्या शिकाऊ उमेदवारासारखे वाकून बघत होते.